नातेवाइकाचं बटण

सकाळपासून चार पोरं पास झाली होती आणि एकानेही पेशंटला हात लावला नव्हता. लावणार तरी कुठे? पेशंट नव्हताच. काचेचं एक लांब टेबल होतं आणि त्या काचेत एकसष्ट वर्षांची एक बाई निजलेली दिसत होती. ती श्वास घेत होती, मधूनच कण्हत होती, प्रश्न विचारला की उत्तर देत होती. तिला म्हणायचं प्रतिरूप.

डॉ. दिगंबर सोनटक्के परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाचव्या पोराकडे बघत होते. पोराचं नाव अर्णव कुलथे. एप्रनला कडक इस्त्री. तीन वर्षं फिजिशियन व्हायचं शिक्षण घेतलं, पण त्या एप्रनवर ना कुणी ओकलं होतं, ना कुणाचं रक्त उडालं होतं.

"सांग," सोनटक्के म्हणाले.

"बाई, वय एकसष्ट. ताप, लघवीत जंतू, बीपी पडलेलं. प्रतिरूपाचं निदान जंतुदोषाचा धक्का. खात्री चौऱ्याण्णव टक्के. मी सहमत आहे, सर."

"का सहमत आहेस?"

अर्णवला प्रश्न कळला नाही. "चौऱ्याण्णव टक्के आहे ना, सर."

"उद्या तुला स्थळ आलं. पत्रिका चौऱ्याण्णव टक्के जुळली. मुलगी बघायला जाशील, का घरूनच सहमत?"

शेजारी बसलेला दुसरा परीक्षक हसला. हा डॉ. पुष्कर हट्टेकर, नवचेतन रुग्णालयाचा अधिष्ठाता. तो हसला म्हणून अर्णवही हसला. टेबलाने अर्णवला शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले. तो "थँक्यू सर" म्हणून गेला. टेबलावरच्या बाईकडे त्याने जाताना वळूनही बघितलं नाही.

"गुणी पोरगा आहे," पुष्कर म्हणाला.

"असेल. लिफ्टसुद्धा गुणी असते. बटण दाबलं की वर जाते."

"सर, तुम्ही नाही बदलायचे."

सोनटक्के बाईच्या हातांकडे बघत होते.

प्रतिरूप ही गोष्ट मुळात वाईट नव्हती, हे सोनटक्केही मान्य करत. रुग्ण दाखल झाला की त्याच्या छातीवर, मनगटावर, पोटावर पातळ पट्ट्या चिकटवतात. त्या नाडी, घाम, साखर, क्षार, सगळं क्षणोक्षणी मोजत राहतात. त्यात रक्ताचे अहवाल, स्कॅन, आईबापांकडून आलेले गुणदोष, जुने आजार घालायचे. यंत्र त्यातून त्या माणसाचं हृदय, मूत्रपिंड, ग्रंथी गणितात उभ्या करतं आणि काचेत त्याचा जोडीदार तयार होतो. औषध आधी जोडीदाराला द्यायचं. तो तगला तर खऱ्या माणसाला. यात पुष्कळ माणसं वाचली होती. खोटं कशाला बोला?

मेख होती ती दुसरीकडे. शरीरातलं सगळं काही मोजता येत नाही. जे मोजलं नाही आणि जे विचारलं नाही, तिथे यंत्र सरासरी भरतं. त्याच वयाच्या, त्याच भागातल्या लाखभर बायकांचं जे असतं, तेच हिचंही असणार असं धरतं. भरलेली जागा काचेत मोकळी दिसत नाही. ती खऱ्यासारखीच दिसते, त्याच रंगात, त्याच आकड्यात. डॉक्टरला वाटतं, सगळं माहीत आहे. मग तो वॉर्डात कशाला जाईल? तो काचघरात, म्हणजे ही टेबलं ठेवलेल्या खोलीत, गारव्याला बसून राउंड घेतो. खरा रुग्ण दोन मजले वर पंख्याखाली पडलेला असतो आणि त्याच्याकडे फक्त सिस्टर जाते.

सोनटक्के शिकले तेव्हा हे काहीच नव्हतं. सरकारी दवाखान्यात त्यांच्या सरांनी त्यांना पहिल्या दिवशी एक लाकडी स्टूल दिलं होतं. म्हणाले होते, पेशंटशी उभ्याने बोलायचं नाही, उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. परीक्षेला खरे रुग्ण यायचे. काही तर दरसाल यायचे, चहा-बिस्किटं आणि प्रवासखर्च मिळायचा म्हणून. त्यातला एक म्हातारा घाबरलेल्या पोराला हळूच सांगायचा, "झडप खराब आहे माझी. डाव्या कुशीवर वळवून ऐका, नाहीतर सापडायचं नाही." त्या म्हाताऱ्याने दोन पिढ्या पास करवल्या. आताच्या पोरांना काच काही सांगत नव्हती आणि पोरंही तिला काही विचारत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत पुष्करने डबा उघडला. "सर, यंदा तुमचं शेवटचं वर्ष ना? वयाची अट?"

"हो. आजचा शेवटचा दिवस."

"सुटलात. दोन वर्षं बघतोय, परीक्षेला आलात की तुमचं तोंड असं कडू. आणि दरवेळी हीच केस का निवडता हो? बँकेत नऊशे केसेस आहेत. ही अगदी सरळसोट. पोरं हसतात."

"हसू देत."

"तसं नाही, पण—"

"पुष्कर, तुझी भेंडी गार होतेय."

पुष्करने ही केस ओळखली नव्हती. तीन वर्षांपूर्वी हीच बाई त्याच्याच वॉर्डात होती. तो अधिष्ठाता झाला ते त्याच वर्षी. परीक्षेच्या बँकेत घालताना प्रतिरूपं बनवणारी कंपनी रुग्णाचं नाव काढते आणि चेहरा बदलते. हात बदलत नाही, कारण कातडीवरून निदान होतं. पण हात ओळखायला ते आधी कधीतरी बघितलेले असावे लागतात.

ती कुमुद होती. सोनटक्क्यांची बायको.

ताप आणि उलट्या म्हणून तिला नवचेतनमध्ये आणलं तेव्हा ती चालत आत गेली होती. दारातच तिची पिशवी घेतली गेली. घरची औषधं वॉर्डात न्यायची नाहीत असा नियम आहे. पिशवी न उघडता सील करतात आणि घरी जाताना परत देतात. सोनटक्क्यांनाही दारातच थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिचं बीपी पडलं आणि सलाइनच्या बाटल्या लावूनही वर येईना. सोनटक्के पुष्करला म्हणाले, "हा साधा जंतुदोष वाटत नाही मला. पाच मिनिटं तिच्यापाशी बसू दे." पुष्कर म्हणाला, "सर, खाली काचघरात या ना. प्रतिरूप बघा. तीच आहे ती." सोनटक्क्यांनी वाद घातला, आवाज चढवला, तेव्हा रखवालदाराला बोलावण्यात आलं. ज्या रुग्णालयात त्यांनी बावीस वर्षं शिकवलं, तिथला रखवालदार त्यांना "बाबा, बसा खाली" म्हणाला.

कुमुद गेली. पिशवी परत मिळाली. घरी आल्यावर त्यांनी सील फोडलं. आत चष्मा होता, कॉफीची छोटी बाटली होती आणि पिवळ्या कागदातल्या अकरा पुड्या होत्या.

पुड्या त्यांनी तपासून घेतल्या, विकणाऱ्यालाही शोधून काढलं. जडीबुटीच्या नावाखाली त्यात स्टेरॉइड होतं. गुडघे दुखायचे थांबतात, भूक लागते, चेहरा भरतो, माणूस खूश होतो. पण बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की शरीरातली ते बनवणारी ग्रंथी झोपी जाते. मग पुडी एकदम बंद झाली आणि त्यात ताप आला की ग्रंथी काही जागी होत नाही. बीपी कोसळतं, साखर कोसळते. उपाय एक जुनं, स्वस्त इंजेक्शन. सोनटक्क्यांनी अशा बायका कितीतरी वाचवल्या होत्या. इथे पुडी बंद केली ती रुग्णालयाने, पिशवीत काय आहे ते न बघता. आणि प्रतिरूपात ग्रंथीच्या जागी लाखभर बायकांची सरासरी होती, ठणठणीत.

त्यांनी अर्ज केले. कंपनीचं उत्तर आलं की प्रतिरूपात नवी माहिती एकाच वाटेने जाते. डॉक्टरने विचारायला हवं आणि रुग्णाने किंवा नातेवाइकाने सांगायला हवं. रुग्ण हयात नाही, सबब विचारणारा डॉक्टर नाही, सबब विषय बंद. कुमुदचं प्रतिरूप चुकीचं होतं आणि त्याच्यावरून इतर यंत्रं शिकत होती. उद्या कुणी दुसरी बाई पुडी घेऊन येणार आणि तिलाही हेच होणार.

मेलेल्या माणसाला डॉक्टर प्रश्न विचारतो अशी एकच जागा उरली होती. परीक्षा. आणि जुन्या परीक्षकांनी हट्ट केला म्हणून कंपनीने टेबलाला एक बटण ठेवलं होतं, 'नातेवाईक'. ते दाबलं की परीक्षकाने नातेवाईक व्हायचं आणि उत्तरं द्यायची. पण उमेदवाराने विचारल्याशिवाय परीक्षकाने तोंड उघडायचं नाही. आणि बटण दाबलं की पाच गुण कापले जायचे, कारण कंपनीच्या मते नातेवाईक वेळ खातात.

दोन वर्षं सोनटक्के या खुर्चीत बसले होते. एकाही पोराने बटण दाबलं नव्हतं.

जेवणानंतर शेवटची उमेदवार आली. डॉ. मयूरी राठोड. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर चक्क स्टेथोस्कोप.

"हे कशाला?" पुष्करने विचारलं. "काच ऐकणार आहेस?"

"सवय आहे, सर."

"कुठून लागली ही सवय?"

"काचघरात जागा नसायची. सिनियर बसायचे. मग मी वॉर्डात जाऊन बसायचे."

सोनटक्के सरळ बसले, पण मनात म्हणाले, बोलायला सगळेच छान बोलतात.

मयूरीने टेबलावर पडलेलं निदान वाचलं आणि बाजूला सारलं. मग ती वाकून बाईचे हात बघू लागली. कोपरापासून मनगटापर्यंत, पुन्हा उलट. पुष्करने घड्याळाकडे बघितलं.

"मावशी, काय होतंय?"

"मळमळतंय," काचेतली बाई म्हणाली. "उठलं की अंधारी येते."

"गुडघे दुखतात का?"

"त्याची नोंद नाही," बाई त्याच आवाजात म्हणाली. सोनटक्क्यांना हे वाक्य ऐकलं की दरवेळी टेबलावर बुक्की मारावीशी वाटे. कुमुद असं कधी बोलली असती?

"घरचं काही औषध घेता?"

"त्याची नोंद नाही."

"सर," मयूरी म्हणाली, "हे जंतुदोषाने झालंय असं मला वाटत नाही. म्हणजे जंतू आहेत, पण तेवढ्याने नाही. इतकं सलाइन देऊन बीपी हलत नाही, साखरही खाली चाललीय. आणि हे हात बघा. कातडी कागदासारखी पातळ. जिथे सुई टोचलेली नाही तिथेही निळे डाग. आमच्या तांड्यावर गुडघ्याची पुडी खाणाऱ्या बायकांचे हात असे होतात."

"तांड्यावर," पुष्कर म्हणाला. "प्रतिरूप चौऱ्याण्णव टक्के म्हणतंय, आणि तू तांडा म्हणतेस?"

मयूरीने ओठ चावला आणि बटण दाबलं.

टेबल बोललं, "नातेवाइकांची माहिती चुकीची असू शकते. पाच गुण वजा होतील. पुढे जायचं?"

"हो."

ती सोनटक्क्यांकडे वळली. इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. "काका, तुम्ही पेशंटचे कोण?"

"नवरा."

पुष्कर हसला. "वा सर. नाटकात होतात का कधी?"

"काका, काकूंचे गुडघे दुखायचे का?"

"फार. जिना उतरताना."

"मग त्यासाठी काही घ्यायच्या? गोळी, काढा, पुडी?"

सोनटक्क्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "पुडी. पिवळ्या कागदातली. जिंतूरच्या बाजारात एकजण बसायचा. रोज एक, दुधातून."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

"घरात कुणाला माहीत होतं?"

"नाही."

"आणि डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"घरातच डॉक्टर होता, म्हणून."

पुष्करचं हसू तिथे थांबलं.

"तो ओरडला असता," सोनटक्के म्हणाले. "पुडीत स्टेरॉइड होतं, डेक्सामेथासोन. तपासलंय."

टेबलावरचे आकडे भराभर बदलू लागले. सरासरीने भरलेली ग्रंथी विझल्यासारखी करडी झाली. चौऱ्याण्णवचे नऊ झाले. वर नवीन निदान आलं आणि त्याखाली टेबलाने विचारलं, 'माहितीचं स्वरूप: परीक्षकाची कल्पना, की प्रत्यक्ष?'

"सर," पुष्कर उभा राहिला. "ही केस कुणाची आहे?"

"हात बघ."

"सर, सरळ सांगा."

"डाव्या मनगटावर भाजल्याची खूण आहे. तुझ्यासाठी धपाटी करताना तवा लागला होता. माझ्याकडे शिकत असताना दर रविवारी तू त्या हातचं जेवायचास, पुष्कर. आणि तिच्या शेवटच्या तीन दिवसांत तू ते हात एकदाही बघितले नाहीस. आज सकाळपासून समोर आहेत, तरी नाही."

पुष्कर खाली बसला. बसल्यावर मात्र त्याचा आवाज अधिष्ठात्याचा झाला. "'कल्पना' दाबा, सर. 'प्रत्यक्ष' दाबलंत तर खरी फाइल बदलेल आणि चौकशी लागेल. माझं जे व्हायचं ते होईल. पण परीक्षकच नातेवाईक निघाला म्हणून ही परीक्षा रद्द होईल. या पोरीचा निकाल अडकेल, वर्षभर, कदाचित जास्त. 'कल्पना' दाबा, मी तिला पहिला नंबर देतो. काकू काही परत यायच्या नाहीत."

"काकू म्हणू नकोस."

मयूरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "म्हणजे हे खरं आहे?" ती सोनटक्क्यांना म्हणाली. "तुम्हाला उत्तर आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि कुणीतरी विचारावं म्हणून बसला होतात. मग मी आले." तिचा चेहरा लाल झाला. "सेलूच्या दवाखान्यात माझी नेमणूक ठरलीय, सर. घरी लहान भावाचं शिक्षण आहे. तुम्ही या पोरांना नावं ठेवता, पेशंटला विचारत नाहीत म्हणून. मला तरी विचारलंत का?"

"नाही."

"का?"

"आधी सांगितलं असतं तर ते पढवलेलं झालं असतं. पण तुझं बरोबर आहे." सोनटक्क्यांचं बोट टेबलाच्या वर थांबलं. दोन वर्षं ज्या क्षणासाठी काढली तो आला होता, आणि हा पुष्कर, ज्याची त्यांना किळस येत होती, त्याने नेमकी दुखरी जागा दाबली होती. चांगला फिजिशियन झाला असता हा, त्यांच्या मनात आलं. कुठे दुखतं ते कळतं याला. "तू सांग," ते मयूरीला म्हणाले. "तू म्हणशील ते दाबतो."

"बघा, पोरगी शहाणी आहे," पुष्कर घाईने म्हणाला. "राठोड, तुझा पेपर झाला. जा तू."

मयूरीने टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. "माझा वेळ संपलेला नाही, सर." तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. "नातेवाइकांना विचारायचं राहिलंय. काका, दाखल केल्यावर पुडी बंद कुणी केली?"

सोनटक्के पुष्करकडे वळले.

"रुग्णालयाने," सोनटक्के म्हणाले. "पिशवी न उघडता सील केली."

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं, हा साधा जंतुदोष वाटत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"राठोड!" पुष्कर म्हणाला.

"नियम आहे, सर. उमेदवार बोलत असताना परीक्षकाने मध्ये बोलायचं नाही. कुणाला सांगितलं, काका?"

"डॉ. पुष्कर हट्टेकर."

"तुम्हाला काकूंपाशी जाऊ दिलं?"

"नाही."

"आता दाबा," मयूरी म्हणाली. "प्रत्यक्ष."

सोनटक्क्यांनी दाबलं. टेबलाने नोंद केली, 'नातेवाईक: पती. माहिती: प्रत्यक्ष.' पुष्कर कुणाकडेही न बघता फोन कानाला लावत बाहेर गेला. दार आपोआप बंद होणारं होतं, ते त्याच्यामागे बंद झालं. दारावरच्या पट्टीवर मयूरीचं नाव आलं आणि पुढे 'निकाल राखून'.

"झालं," ती म्हणाली. "आता आलेच आहे तर उपचार पण करते." तिने इंजेक्शनचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली, साखर द्यायला सांगितली.

काचेत बीपी चढू लागलं. साठ, सत्तर, पंच्याऐंशी. बाईच्या ओठांचा रंग परत आला. तिने डोळे उघडले, जे तीन वर्षांपूर्वी तिने उघडले नव्हते, आणि उशीवरून मान थोडी उचलली. मयूरी नकळत उभी राहिली. "सर, बघा ना. सर, उठतायत."

सोनटक्के उठून टेबलापाशी आले. त्यांनी ते मनगट बघितलं. काचेवर हात ठेवला. काच गार होती.

"आता बरं वाटतंय," बाई म्हणाली, अगदी गोड आवाजात. "जरा चहा मिळेल का?"

मयूरीचे डोळे भरले. टेबलाने विचारलं, 'केस चालू ठेवायची की बंद करायची?'

"बंद कर," सोनटक्के म्हणाले. "ती चहा घेत नसे."